पोथीला साक्षीदार लागत नाही

मुंबई इलाख्यातल्या जुन्या न्यायनिवाड्यांकडे आपल्यातले समीक्षक वळत नाहीत. ते वकिलांचे खाते, अशी आपली समजूत आहे. मला ते वाङ्मय म्हणून वाचावेसे वाटतात. कोणाचा शब्द पुरावा आणि कोणाचा शब्द बडबड, याचा निवाडा ज्या गद्याने केला त्या गद्याची समीक्षा आपण नाही करायची तर कोणी करायची?

मुस्लिम घटस्फोटाचे दावे घेऊ. तलाक झाला असे म्हणणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तो उच्चारला गेला, ही घटना; आणि अशा उच्चाराने विवाह तुटतो, हा कायदा. घटनेला साक्षीदार असतात. कायद्याला साक्षीदार कोण? १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालपुरता प्रश्न सोडवून टाकला: मुसलमानांना कुराण, हिंदूंना शास्त्र. आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात निराळे घडले. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने सरकारी कायद्यानंतर पहिला मान देशरिवाजाला दिला, प्रतिवादीच्या धर्मकायद्याला त्याच्या मागे बसवले. घाटकोपर, अंधेरी, मुलुंड ही त्या वेळी मुंबई शहरात नव्हती. साष्टी बेट ठाणे जिल्ह्यात, म्हणजे मोफसलीत मोडत होते आणि तिथे हे रेग्युलेशन लागू होते. आज ज्या वस्तीत मी राहते तिथल्या जुन्या माणसाला कागदावर तरी पोथीआधी रिवाज विचारला जाणार होता.

प्रत्यक्षात काय झाले? आरंभी न्यायाधीशाशेजारी काझी, मुफ्ती, शास्त्री बसत. प्रश्न लिहून द्यायचा, त्यांनी उत्तर द्यायचे. १८६४ च्या कायद्याने ही पदेच काढून टाकली. तेव्हापासून साहेबाने स्वतः ग्रंथ उघडला. आणि ग्रंथ कोणता? चार्ल्स हॅमिल्टनचा १७९१ चा ‘हिदाया’. मूळ अरबी, त्याचे मौलवींकडून फारसी, त्या फारसीचे इंग्रजी. पुढे दिनशा मुल्लांचे पुस्तक वकिलांच्या हाती आले. हे मुल्ला आडनावाचेच, धर्माने पारशी. त्यांनी हिंदू कायद्यावरही असेच पुस्तक लिहिले. त्यांच्या विद्वत्तेविषयी वाद नाही. पण जिवंत समाजाचे आचरण क्रमांक दिलेल्या कलमांत बसवले की ते आचरण राहत नाही, हे आपल्याला मनुस्मृतीच्या अनुभवावरून वेगळे सांगायला नको.

१८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने बजावले की प्राचीन भाष्यकारांनी स्पष्ट सांगितले असेल तर न्यायालयाने कुराणाचा आपला अर्थ लावू नये. प्रश्न एका विधवेच्या पोटगीचा होता, अर्थ तिच्या विरुद्ध गेला. १९२५ साली अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणाले की मुस्लिम कायदा हा परका कायदा नव्हे, देशाचाच कायदा आहे. तो न्यायाधीशाने जाणायचा असतो, त्यावर तज्ज्ञाची साक्ष नको. विधान तर्कशुद्ध आहे आणि परकेपणा नाकारणारे म्हणून मला आवडतेही. पण परिणाम पाहा. पोथीला आता साक्षीदारच लागत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात १९०५ सालच्या साराबाई-राबियाबाई खटल्यात न्या. बॅचलर यांनी एका दमात दिलेल्या तलाकविषयी मत दिले: धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट, कायद्याच्या दृष्टीने चांगला. निवाड्यातले हे चटकदार वाक्य शंभर वर्षे उद्धृत होत राहिले. वाईट आहे हे ठाऊक असून चांगले म्हणणारी ही भाषा कोणाच्या सोयीची होती? १९३२ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्यात तर नवरा तलाकनामा लिहून पुढे त्याच बायकोबरोबर मरेपर्यंत पंधरा वर्षे राहिला, पाच मुले झाली. मधल्या काळात तिचा दुसरा विवाह होऊन सुटल्याचा पुरावा नाही, म्हणून पुन्हा लग्न झाल्याचे गृहीत धरता येत नाही. सबब मुले औरस नाहीत. पंधरा वर्षांचा संसार एका कागदापुढे हरला. तिचा शब्द त्या निवाड्यात मला सापडला नाही.

म्हणून रिवाज गोड मानावा काय? तसेही नाही. १८४७ साली मुंबईत खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे वारसाहक्क मागितला. एर्स्किन पेरींपुढे जमातीच्या पुरुषांनी साक्षी दिल्या: आमच्यात मुलींना वाटा देत नाहीत. रिवाज सिद्ध झाला, मुली हरल्या. साक्षीला कोण उभे राहते यावर रिवाज ठरतो.

आता आपल्याकडे पाहू. खालच्या मानलेल्या जातींत काडीमोड होती, पाट होता. बाईला सुटता येत होते, पुन्हा घर मांडता येत होते. १८७० च्या दशकातल्या निवाड्यांत मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की विवाह मोडण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातपंचायतीचा अधिकार न्यायालय मानीत नाही. पंचांच्या शब्दावर पाट लावणाऱ्यांवर द्विभार्यत्वाचे खटले चालले. पंचायत जुलमी होती हे मला ठाऊक आहे. पण तिच्या जुलमाखातर तो अधिकार काढला गेला नव्हता. ब्राह्मणी विवाहकल्पना सर्वांवर पसरली, तिच्या ओघात तो गेला.

माझ्या आत्याची फारकत स्टँपपेपरवर झाली. हा शब्दच फारसी फारिगखतीतून आपल्या तोंडी बसला. पुढे पोटगीच्या वेळी तिला विचारले गेले, हा रिवाज तुमच्यात आहे याला पुरावा काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीचा घटस्फोट राखला आहे, पण ती रूढी दीर्घकाळ, सातत्याने, एकसारखी पाळली हे दाखवावे लागते. १९५६ नंतर आम्ही बौद्ध झालो, जुने आचार सोडले. तरी कायदा आम्हाला हिंदू विवाह कायद्यातच धरतो. सोडलेल्या आचाराचे सातत्य कसे सिद्ध करायचे, याचे उत्तर आत्याकडे नव्हते. माझ्याकडेही पदवी असून नाही.

१९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांमधला बहुतेक रिवाज पुसला, शेतजमीन मात्र वगळली. १९३९ चा कायदा आला तो बायका सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या म्हणून. हनफी मतात वाट नव्हती, मालिकी मतातून ती उसनी घेतली: नवरा चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे पोषण नाही, सात वर्षांची कैद. ही कारणे तिनेच सिद्ध करायची. नवऱ्याला कारण विचारायला मात्र फार काळ गेला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला. आपल्यातले काही जण तो ‘त्यांचा’ प्रश्न समजून बाजूला राहिले. बाबासाहेबांनी ज्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद भूषवले, त्याच कॉलेजात पुढे असफ फैजी प्राचार्य होते. इस्लामी कायद्याचा इतका मोठा अभ्यासक आपल्या वाचनात नाही, याची मला खंत वाटते.

२००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की नवऱ्याने कैफियतीत तलाक दिला असे लिहिणे पुरेसे नाही. कारण, समेटाचा प्रयत्न, उच्चार, हे सारे पुराव्याने शाबीत करावे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द केला, २०१९ साली तो गुन्हा ठरला. यांतला २००२ चा निवाडा मला अधिक मोलाचा वाटतो. नवऱ्याला तुरुंग दाखवण्याआधी त्याने त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि तिच्या वकिलाला उलटतपासणीची जागा मिळाली. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात आता घाटकोपरहून, गोवंडीहून ज्या बाया येतात त्यांच्यातल्या काहींच्या पिशवीत तलाकनामा असतो आणि काहींच्या पिशवीत फारकतीचा स्टँपपेपर. त्या एकाच बाकावर बसतात.