दोन वक्र जिथे छेदतात

मऊ लोखंडाची तार वेटोळ्यात सरळ टांगायची, वेटोळ्यातला वीजप्रवाह हळूहळू वाढवायचा आणि तारेत किती चुंबकत्व येतं ते कागदावर मांडत जायचं. मग तारेला खाली वजन अडकवून सगळं पुन्हा. असे एकाच कागदावर उमटलेले दोन वक्र चुंबकशास्त्रातली फार देखणी रचना आहे, असं मला वाटतं.

सुरुवातीला ताणलेल्या तारेचा वक्र वर असतो. ताणलं की लोखंड चुंबकत्वाला लवकर वश होतं, असं म्हणून मोकळं व्हावं, तर पुढे तोच वक्र रेंगाळतो, बिनवजनाच्या वक्राला छेदतो आणि त्याच्या खाली जातो. तार तीच, वजनही तेवढंच. मघाशी मदतीला आलेला ताण आता आडवा येतो. ही जागा इटलीच्या एमिलिओ व्हिलारीने 1865 मध्ये दाखवली. दाद तिथेच द्यावी.

तिचं मर्म मात्र दुसऱ्याच आलेखात आहे. चुंबकत्व आलं की लोखंडाची लांबी वाढते, हे जूलने 1842 मध्ये मोजलं होतं. मीटरभर तारेत फरक पडतो तो जेमतेम काही मायक्रोमीटरचा! प्रबळ क्षेत्रात तार उलट आखडू लागते आणि अखेर मूळ लांबीपेक्षाही आखूड होते, हे पुढे शेल्फर्ड बिडवेलने पाहिलं. आता दोन्ही आलेख शेजारी ठेवा. चुंबकत्वाबरोबर लांबी वाढत असेल तर ताण साथ देतो, घटत असेल तर अडवतो. म्हणून, वजन हलकं असेल तर, व्हिलारीचा छेद पडतो तो लांबीच्या वक्राच्या शिखरापाशी. लांबी मूळपदावर येते ती जागा त्याच्या बरीच पुढे असते. घाईच्या वाचनात हा बारकावा निसटतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

लोखंडाच्या घनाकृती स्फटिकात चुंबकत्वाची सोयीची दिशा कडेला धरून असते आणि त्या दिशेत स्फटिक लांबतो. क्षेत्र वाढलं की चुंबकत्वाला ती कड सोडून वळावं लागतं. घनाच्या कर्णाकडे वळताना लोखंड आखडतं.

निकेल सरळमार्गी. ते सदैव आखडतं, म्हणून ताण त्याला मारक आणि दाब पोषक. सुमारे 80 टक्के निकेलचं पर्मलॉय तर ताणाची फारशी दखलच घेत नाही. कामाचं खरं, पण आलेख म्हणून अगदीच सपक.

ट्रान्सफॉर्मरच्या सीआरजीओ, म्हणजे कणांची दिशा जुळवलेल्या पोलादी पत्र्यात मात्र लोखंडाचा पहिला स्वभाव खुबीने वापरलाय. त्यातल्या कणांची सोयीची कड पत्र्याच्या लांबीलाच धरून असते, त्यामुळे वळण्याची वेळ फारशी येत नाही. वरचा पातळ लेप थंड होताना पोलादापेक्षा कमी आकसतो, पत्र्याला कायम ताणून धरतो आणि ऊर्जेची गळती घटवतो. हाच पत्रा कातरला की कडेला वेडावाकडा ताण साचतो. तो घालवायला पत्रा पुन्हा भट्टीत तापवावा लागतो.