ताइतांतील अक्षर

हडपसर येथील एका परिचित घरीं जुन्या पेटींतून निघालेला चांदीचा ताईत मोडींत घालण्याची बोलणीं आम्हीं अलीकडेच ऐकलीं. त्याच बैठकींत त्याच मंडळींनीं प्राचीन इजिप्तमधील शेणकिड्याच्या आकाराच्या ताइतांचीं चित्रें आम्हांस मोठ्या कौतुकानें दाखविलीं! एकाच जातीच्या दोन वस्तूंपैकीं एक कला ठरावी व दुसरी मोड, हा न्याय तपासून पाहण्याजोगा आहे.

इजिप्तच्या ताइतांची कीर्ति अनाठायीं नाहीं. शेणाची गोळी लोटीत नेणाऱ्या किड्यांत तेथील लोकांस प्रभातींच्या सूर्याला पुढें लोटणारा खेप्री देव दिसला. शंखजिऱ्याच्या लहानशा तुकड्यावर किड्याची पाठ कोरावी, तीवर निळाहिरवा काचलेप द्यावा आणि सपाट पोटावर नांव किंवा शुभचिन्हें खोदावीं, अशी ही रीत. ख्रिस्तपूर्व १४ व्या शतकांतील तिसरा आमेनहोतेप राजा यानें तर मोठ्या आकाराच्या किड्यांवर पहिल्या १० वर्षांत आपण १०० हून अधिक सिंह मारल्याची वार्ता कोरविली. परंतु आमच्या मतें याहून श्रेष्ठ तो मृताच्या छातीशीं ठेवावयाचा हृदय-किडा. त्यावरील लेखांत मृत आपल्याच हृदयास विनवितो कीं, न्यायाच्या तराजूपाशीं माझ्याविरुद्ध साक्ष देऊं नकोस. राजाचा लेख जगास ऐकविण्यासाठीं आहे. हा अंतःकरणाशीं चाललेला संवाद आहे.

आमचा ताईत याच दुसऱ्या कुळींचा. भूर्जपत्रावर अष्टगंधानें मंत्र लिहावा, किंवा कोठूनही बेरीज १५ च येणारें नऊ घरांचें यंत्र मांडावें, तें गुंडाळून नळींत घालावें व तोंड लाखेनें बंद करावें. येथें अक्षर कोणीं वाचावयाचेंच नाहीं. कलेच्या दृष्टीनें इजिप्तचा कारागीर वरचढ, हें मान्य केलें पाहिजे; कारण त्याच्या लिपींत किडा हेंच एक अक्षर असल्यामुळें आकार व अर्थ तेथें एक झाले. आमच्याकडे नकशी बाहेर राहिली आणि अर्थ आंत कोंडला गेला. पण दोहोंमागील भय व माया यांत कमीअधिक कांहीं नाहीं.

ताइतानें ताप उतरतो असें आमचें म्हणणें नव्हे. त्यास वैद्यच हवा. परंतु घरगुती वस्तूंतील कला ओळखण्याची दृष्टि दिनकर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास संग्रह आरंभून पुण्यास दिली असतां, ती आम्हीं केवळ परदेशच्या वस्तूंसाठीं राखून ठेवावी काय?

आमच्या आग्रहावरून त्या ताइताची लाख काढली, तेव्हां आंतून चिमूटभर तपकिरी चुरा निघाला. अक्षर नाहींसें झालें होतें. तो कोणाच्या दंडास व कोणत्या दुखण्यांत बांधला होता, हें मात्र घरांतील आजींनीं तत्काळ सांगितलें. मोड करावयाचीच असेल तर निदान तेवढें तरी आधीं वहींत उतरून ठेवावें, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.