जाहिरातीतील स्त्रीचे हात

औंध संस्थानच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभा केला. आणि त्या कारखान्याची हकिकत गिऱ्हाइकांच्या कानी जावी म्हणून १९२० साली जे लहानसे खबरपत्र निघाले, त्याच्याच कुळात दहा वर्षांनी, ऑगस्ट १९३० मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक जन्माला घातले, ही गोष्ट आज त्याच मुलखात, पलूस तालुक्यात, राहणाऱ्या माणसालाही सहसा आठवत नाही. मालाची जाहिरात आणि स्त्रीचा कैवार ही दोन्ही कामे त्या कारखान्याभोवती वसलेल्या एका वाडीत, एकाच छापखान्याच्या आश्रयाने वाढली. जाहिरातकलेने स्त्रीच्या प्रतिमेचे काय केले, याचा हिशेब मांडायला म्हणूनच मी या वाडीपासून आरंभ करतो.

या हिशेबाची रीत आपण परदेशातून आणली, असे मात्र कोणी समजू नये. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा सुरतेच्या एका विधवेचा खटला हे निमित्त होते. परंतु त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील बायका कोणी आणि कोणत्या अनुभवाच्या बळावर रंगवल्या, असा जाब त्यांनी विचारला. प्रतिमा आणि वास्तव यांची अशी समोरासमोर गाठ घालून देणे, हीच समीक्षेची पहिली पायरी आहे, आणि मराठीत ती एका बाईने घातली आहे.

‘स्त्री’चा खरा पराक्रम मला असा वाटतो की, जिच्याविषयी आजवर इतरांनीच लिहिले तिच्या हाती त्याने लेखणी दिली, हुंडा, विषम विवाह, घटस्फोट, अर्थार्जन या प्रश्नांवर स्वतः बायका लिहू लागल्या, आणि खेड्यापाड्यांतल्या वाचकांच्या घरी तो मजकूर टपालाने पोचू लागला. शंकरराव स्वतः चित्रकार असल्यामुळे चित्राचे सामर्थ्यही त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्या काळच्या मासिकांत लेखांची पाने संपली की तेले, साबण आणि शक्तिवर्धक औषधे यांचे जग सुरू होई. लेखातली स्त्री प्रश्न विचारत असे, आणि जाहिरातीतली स्त्री केवळ पाहिली जात असे. हा तंटा अद्याप मिटलेला नाही.

चित्रपटातही तेच घडले. कोरेगावच्या ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला आणि त्यात जरठ नवऱ्याला नवरा मानण्याचे साफ नाकारणारी नीरा शांता आपटे यांनी उभी केली. त्याच शांताबाईंनी १९३९ साली प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले आणि पुढल्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याची आतली बाजू उघड केली. पडद्यावरचा नकार आणि फाटकाशी मागितलेला हक्क यांत त्यांनी अंतर राहू दिले नाही. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, तेव्हा मात्र एका सुशिक्षित, कर्तबगार अभिनेत्रीची सगळी कमाई तिच्या कांतीपुरती उरली. दोष बाईंचा नव्हे. चौकटच तशी होती.

ती चौकट कशी बांधली जाते, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात शेकडो छापील जाहिराती मांडून दाखवले. त्यांचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: जाहिरातीतली स्त्री वस्तू घट्ट धरत नाही, तिला केवळ बोटांनी स्पर्श करते, काम करणारी पकड त्या हातांत नसते.

आता पलूसच्या एखाद्या द्राक्षबागेत उभे राहून पाहावे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरले की विरळणी सुरू होते. डोक्याला घट्ट फडके, नाकातोंडावर ओढलेला पदर, अंगात नवऱ्याचा जुना सदरा, आणि मान वर करून प्रत्येक घडातले दाटलेले मणी लहान कात्रीने एकेक वेचून काढणाऱ्या बायका. कोणता मणी ठेवायचा आणि कोणता जाऊ द्यायचा, याचा निर्णय पापणी लवायच्या आत होतो, आणि त्यावर बागेचा भाव अवलंबून असतो. बेदाण्याच्या शेडवरची निवडही यांच्याच बोटांनी होते. परंतु बाजारात गेलेल्या खोक्यावर हे हात कोठे आहेत? तेथे कधी नुसती द्राक्षे असतात, कधी शहरी चेहऱ्याची एखादी हसरी तरुणी असते, आणि औषधा-खतांच्या फलकावर तर मिशांना पीळ देणारा शेतकरी असतो.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा १९८६ साली झाला, आणि तो आवश्यकच होता. पण त्याची नजर देहाच्या चित्रणावर आहे. जी बाई चित्रात आलीच नाही, तिची फिर्याद त्याच्या कक्षेत बसत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव झाल्या, तरी गावच्या कमानीवरच्या फ्लेक्सवर सरपंचबाईंच्या शेजारी त्यांच्या यजमानांचा फोटो तेवढ्याच, कित्येकदा अधिक मोठ्या आकाराचा असतो. त्या फ्लेक्सवर उघडेनागडे काहीच नाही, आणि तरीही निवडून आलेल्या बाईचा अधिकार त्यावरून पुसला गेला आहे.

१९६४ पासून ‘स्त्री’त काम करून पुढे त्याच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, त्यामुळे लिहित्या हातांची वाडीची परंपरा खंडित झाली नाही. चित्राच्या प्रांतात मात्र तसे कोणी उभे राहिलेले मला दिसत नाही. म्हणून या भागातल्या फळांची, दुधाची, बेदाण्याची वेष्टने रचणाऱ्या चित्रकारांपाशी माझे मागणे एवढेच आहे की, त्यांनी मार्गशीर्षातल्या थंडीत एखादी सकाळ या बागांतून काढावी. कोवळे ऊन पडायच्या आत बायका कात्र्या घेऊन कामाला लागलेल्या असतात.