देणगीच्या खोक्याचे परीक्षण

या सदरात आपण एरवी पुस्तकांचे परीक्षण वाचता. या वेळी आमच्यापुढे पुस्तक नाही, एक खोके आहे. एका गृहरचना संस्थेतील रहिवाशांनी आपल्या मुलांची वापरलेली खेळणी गोळा करून एका विशेष बालवर्गाला दिली. वर्गात तीन ते सहा वर्षांची नऊ मुले आहेत. कोणाला सेरेब्रल पाल्सी आहे, कोणी स्वमग्न आहे, कोणाची बौद्धिक वाढ सावकाश होत आहे. तेथील बाईंच्या विनंतीवरून आम्ही ते खोके सतरंजीवर मांडले आणि एकेक खेळणे हातात घेऊन तपासले.

तपासताना तीन प्रश्न ठेवले. मुलाने काही केले तर खेळण्यात काही घडते का? ते करणे या मुलाच्या हाताला, डोळ्याला, कानाला जमेल का? आणि त्यापासून इजा होण्याचा संभव आहे का?

खोक्यातील सर्वांत देखणी वस्तू म्हणजे सेलवर चालणारे, ढोल वाजवणारे माकड. बाईंनी त्याच्या पोटाखालचे बारीक बटन सरकवले. माकड ढोल बडवू लागले, मुले हसली. देणाऱ्यांनी हा क्षण पाहिला असता तर त्यांना धन्य वाटले असते. पण आमचे लक्ष खुर्चीत बसवलेल्या चार वर्षांच्या मुलीकडे गेले. तिच्या बोटांना ते बटन सरकवणे शक्य नव्हते. माकड थांबले की ती बाईंकडे पाही, बाई बटन सरकवीत, ती पुन्हा बघत बसे. खेळत होत्या त्या बाई. मुलगी नुसती प्रेक्षक होती.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1969 पासून केलेले प्रयोग येथे आठवतात. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याची फीत त्यांनी दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला बांधली. पाय हलला की खेळणे हले. काही मिनिटांतच बाळे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा पाय झाडू लागली. ‘मी केले म्हणून हे घडले’ ही ओळख इतक्या लहान वयात सुरू होते. इतर मुलांना ती दिवसातून शंभर वेळा मिळते. वाटी खाली टाकली तरी आवाज होतो. ज्या मुलाचे हात त्याचे ऐकत नाहीत त्याला ती संधी कोणीतरी मुद्दाम मिळवून द्यावी लागते. ती मिळाली नाही तर मूल वाट पाहणे तेवढे शिकते.

सुदैवाने माकडावर उपाय होता, आणि तो सातवीच्या विज्ञानाबाहेरचा नाही. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या घेऊन मध्ये जाड कागद घालून चिकटवल्या. प्रत्येक पट्टीला एक वायर जोडली. हा जोड सेल आणि त्याला टेकणारी धातूची पट्टी यांच्यामध्ये सरकवला, परिपथ तुटला. वायरींची दुसरी टोके एका मोठ्या बटनाला जोडली. बटन म्हणजे वहीएवढे दोन पुठ्ठे, त्यांना आतून पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल आणि कडेने स्पंजची पट्टी. वरून तळहाताने दाबले की फॉइलला फॉइल टेकते आणि परिपथ पूर्ण होतो. माकडाचे मूळ बटन चालूच ठेवायचे. हा प्रयोग साध्या दीड व्होल्टच्या सेलवरच करावा. घरातील विजेवर चालणाऱ्या खेळण्यावर कधीही करू नये.

दुसऱ्या दिवशी मुलीचा तळहात पुठ्ठ्यावर पडला आणि माकड वाजले. हात उचलला गेला, माकड थांबले. असे काही वेळा झाल्यावर तिने हात टेकवण्याच्या आधीच माकडाकडे पाहिले. आता काय होणार ते तिला ठाऊक झाले होते.

खोक्यात इंग्रजी अक्षरे आणि गाणी म्हणणारी चार खेळणी निघाली. त्यांच्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ॲना सोसा यांच्या अभ्यासात 10 ते 16 महिन्यांची 26 बाळे पालकांबरोबर खेळताना पाहिली गेली. बोलकी खेळणी हातात असताना पालक कमी बोलले; पुस्तके आणि साधी खेळणी असताना अधिक बोलले. अभ्यास लहान आहे आणि ती विशेष मुले नव्हती हे मान्य. पण ज्या मुलाचा पहिला शब्द अजून यायचा आहे, त्याच्या बाईंनाच खेळण्याने गप्प बसवावे हे आम्हाला पटत नाही.

चित्रकोडी सहा होती. पाचांत एकेक दोनदोन तुकडे नव्हते. नेहमीच्या मुलाला हे चालून जाते. पण ‘काम संपले’ हे ज्याला प्रथमच शिकायचे आहे, त्याला अपुरे कोडे दिले की धडाच हरवतो. सहाव्या कोड्याच्या तुकड्यांना बाईंनी लाकडी खुंट्या चिकटवल्या; आता ती मुठीत धरता येतात. छोटे मणी, सुटी चाके आणि बटनसेलची खेळणी आम्ही बाद केली. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी सुटे भाग तपासण्याची प्रमाणित नळी 31.7 मि.मी. व्यासाची असते. आम्ही दीड इंचाची नळी घेतली, कारण या वर्गात पाच वर्षांचे मूलही वस्तू तोंडात घालते. बटनसेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. त्याबाबत सवलत नाही. रंगाचे पोपडे निघालेली खेळणीही काढून टाकली.

सर्वांत जास्त वेळ हाताळली गेली ती वस्तू मात्र कोणी खेळणे म्हणून दिलेलीच नव्हती. खोक्याच्या तळाशी आलेला स्टीलचा डबा आणि त्यातल्या एकात एक बसणाऱ्या वाट्या! त्या वाजतात, गार लागतात, एकीत एक जातात आणि पडल्या तरी फुटत नाहीत.

आता देणाऱ्यांविषयी. त्यांच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही; त्यांच्याविना माकड वर्गात आलेच नसते. तक्रार आहे ती ‘यांना काहीही चालेल’ या समजुतीबद्दल. तो इतिहासाला धरूनही नाही. एदुआर सेगँ यांनी 19व्या शतकात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी हात, डोळा आणि स्पर्श यांना शिकवणारी साधने बनवली. आकारांचे ठोकळे खाचांत बसवण्याची त्यांच्या नावाची फळी आजही तपासणीत वापरतात. मारिया माँटेसरी यांनी इतार आणि सेगँ यांचे काम अभ्यासले, रोममध्ये अशाच मुलांबरोबर साधने वापरून पाहिली आणि 1907 साली ती बालगृहातील सर्वसाधारण मुलांपुढे ठेवली. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तोच विचार बिया, शंख-शिंपले, पाने यांच्यावर उतरवला. म्हणजे आपल्या बालवाड्यांतील बरीचशी साधने विशेष मुलांच्या वर्गातून आपल्याकडे आली आहेत. पहिले दान त्यांचे आहे. परतफेड तुटक्या चाकांनी करू नये.

मग करावे काय? देण्यापूर्वी बाईंना विचारावे. खेळणे धुवून, तुकडे मोजून द्यावे. शाळेने सारे खोके एकदम उपडे करू नये: 2018 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दीड-दोन वर्षांची मुले 16 खेळण्यांपेक्षा चारच खेळणी असताना अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. उरलेली खेळणी आळीपाळीने घरी द्यावीत. स्टॉकहोममध्ये 1963 साली विशेष मुलांच्या कुटुंबांसाठी सुरू झालेले ‘लेकोटेक’ हे खेळण्यांचे ग्रंथालय याच तत्त्वावर चालले: खेळणे घरी न्यायचे, कसे खेळायचे ते जाणकाराकडून समजून घ्यायचे, परत आणून दुसरे न्यायचे. एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर आपल्याकडेही हे करता येईल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याची बटने करून द्यावीत. परिपथाचा याहून चांगला प्रात्यक्षिक पाठ आम्हाला ठाऊक नाही.

एकंदरीत, खोक्यातील 41 वस्तूंपैकी 14 आम्ही जशाच्या तशा उत्तीर्ण केल्या, 11 बाईंच्या हातून सुधारून घेतल्या, 16 बाद केल्या. माकड सुधारलेल्यांत आहे आणि रोज वाजते. त्यामुळे त्याचे सेल लवकर संपतात. पुढच्या खोक्यात देणाऱ्यांनी वर्षभराचे सेल घालावेत, अशी बाईंची मागणी आहे आणि तिला आमचा पाठिंबा आहे.