पट्ट्यावरून सरकणारा वारसा

१९९८-९९च्या हिवाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क लेव्हॉय आपल्या सहकाऱ्यांना घेऊन फ्लॉरेन्सला पोचले. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ लेझर स्कॅनरने उतरवून घ्यायचा होता. पहिला घोळ पुतळ्याच्या उंचीतच निघाला. प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रंथात ती ४३४ सेंटिमीटर दिलेली. पुतळा भरला ५१७ सेंटिमीटर. ग्रंथावर विसंबून बांधलेला स्कॅनरचा सांगाडा तोकडा पडला, तो वाढवावा लागला. मग २२ माणसे ३० रात्री राबली, ४८० वेळा स्कॅनर नव्याने रोखला गेला, ७,००० रंगीत छायाचित्रे घेतली गेली आणि दोन अब्ज बहुकोनांचा डेव्हिड हाती आला.

त्रिमित स्कॅनिंग काय करू शकते हे त्या हिवाळ्यात कळले, आणि त्याला काय मोजावे लागते हेही. एका वस्तूपायी महिना घालवणे डेव्हिडच्या बाबतीत खपून जाते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे सुमारे साडेपंधरा कोटी वस्तू आणि नमुने आहेत. तिथे असा हिशेब मांडायलाही कोणी बसणार नाही. म्हणून गेली काही वर्षे या क्षेत्रातली सारी धडपड माणसाचा हात शक्य तितका बाजूला करण्याची आहे.

त्यातला सर्वांत धीट प्रयत्न जर्मनीत झाला. डार्मश्टाटच्या फ्राउनहोफर संस्थेत पेड्रो सांतोस यांच्या गटाने ‘कल्टलॅब थ्रीडी’ उभारली. वस्तू तबकावर ठेवायची. सरकत्या पट्ट्यावरून तबक दोन अर्धगोल कमानींखाली जाते. एका कमानीवर कॅमेरे, दुसरीवर दिवे. कमानी पायरीपायरीने झुकत जातात, प्रत्येक कोनातून आणि वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रे निघतात, आणि त्यांच्यातून संगणक आकार जुळवतो. पहिला कच्चा आकार तयार झाला की कुठे खळगा राहिला, कोणती बाजू दिसलीच नाही, हे यंत्र स्वतः ताडते. तेवढे भरून काढायला कॅमेरा धरलेला यंत्रहात पुढच्या थांब्यावर तयार असतो. २०१८मध्ये या कामाला युरोपा नोस्ट्रा पुरस्कार मिळाला.

कमानी आणि पट्टा छायाचित्रांत उठून दिसतात, पण खरी प्रगती मला त्या यंत्रहातात दिसते. पुढचे छायाचित्र कुठून घ्यायचे, हा निर्णय म्हणजे स्कॅन करणाऱ्या कारागिराची सारी अक्कल होती. ती आता गणितात बसू लागली आहे, आणि तीही वस्तूपासून सुरक्षित अंतर राखण्याचे बंधन पाळून.

पण कोणत्या वस्तूंसाठी? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचाच विचार करू. वीस हजारांहून अधिक वस्तू, बहुतेक हातात मावणाऱ्या: दिवे, दौती, वज्री, अडकित्ते. कागदावर पाहिले तर सरकत्या पट्ट्यासाठी याहून सोयीचा संग्रह शोधून सापडणार नाही. आता त्यातला एक पितळी अडकित्ता तबकावर ठेवला अशी कल्पना करा. पितळ चमकते. कॅमेरा सरकला की चमकही जागा बदलते. संगणक दोन छायाचित्रांत समान खुणा शोधत असतो, तो त्या चमकेलाच खूण समजतो, आणि गुळगुळीत दांडा पडद्यावर देवीचे व्रण आल्यासारखा उमटतो. दिव्यावर आणि भिंगावर आडवे-उभे पोलरायझिंग फिल्टर लावून चकाकी पुष्कळ मारता येते. कारखान्यात अशा वेळी सुट्या भागावर पांढरी पूड फवारतात. संग्रहालयातला जतनतज्ज्ञ ती बाटली दारातच अडवेल, आणि त्याचे बरोबरच आहे.

चमकेवर मात केली तरी अडकित्ता पुरता हाती येत नाही. पात्याची आतली बाजू मिटल्यावर दिसत नाही, उघडल्यावर दांड्यांची बसणी बदलते. म्हणजे स्कॅन दोन हवेत. खीळ किती ढिली झाली आहे, पाते कुठे जास्त झिजले आहे, म्हणजे वापरणाऱ्याचा हात कसा पडत असे, हे सांगणारा दुवा त्या दोन आकारांच्या मध्ये असतो आणि तो लिहून ठेवायला माणूसच लागतो. काच, पिसे, केस, जाळीदार वस्त्र यांची कथा याहून वाईट. तिथे अजून बहुतेक यंत्रे हात टेकतात.

माझी मुख्य तक्रार मात्र यंत्राबद्दल नाही. ज्या टप्प्याला पट्टा लागला, तो कामाचा सर्वांत लहान टप्पा होता. वस्तू कपाटातून काढणे, तिची प्रकृती तपासून नोंदणे, क्रमांक पडताळणे, तबकापर्यंत सुखरूप नेणे, परत जागेवर ठेवणे; हे आधीचे. नंतर फाइलला नाव देणे, मूळ छायाचित्रे राखणे, रंगपट्टी आणि मोजमापाचा पुरावा जोडणे, दर काही वर्षांनी सारे नव्या साठवणीत हलवणे. पट्ट्यावरचा वेळ काही मिनिटांवर आला म्हणून या दोन टोकांचा वेळ घटला असे झालेले नाही. उलट वस्तू जितक्या भराभर सरकतील तितका दोन्हीकडे ढीग साचतो. प्रात्यक्षिकांच्या चित्रफितीत हा ढीग कधी दिसत नाही.

आणि इतक्या कष्टाने झालेली फाइल जाते कुठे? लेव्हॉय यांचा डेव्हिड अनेक वर्षे अभ्यासकांनाच, तोही अटींवर मिळत असे. इतरांना तो दुरून पाहता येईल पण उचलता येणार नाही अशी खास प्रणाली त्यांच्या गटाने लिहिली होती. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममधल्या नेफर्टिटीचे प्रकरण तर नमुनेदार. संग्रहालयाकडे तिचा उत्तम स्कॅन होता, पण तो बाहेर येत नव्हता. अमेरिकी कलाकार कॉस्मो वेनमन यांनी जर्मन माहिती अधिकाराखाली तीन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१९मध्ये फाइल जगापुढे आली. ती उलटी करून पाहिली तर तळाशी परवान्याची अक्षरे कोरलेली: व्यापारी वापराला मनाई! तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मूर्तीच्या तळावर हक्काची मोहर उठवण्याचा हा आत्मविश्वास थोर म्हटला पाहिजे. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या कॉपीराइट निर्देशाने कलम १४मध्ये स्पष्ट केले की मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या हुबेहूब नकलेवर नवा हक्क उभा राहत नाही.

खासगी मंचांवर विसंबण्यातही धोका आहे. जगभरच्या संग्रहालयांनी आपली त्रिमित प्रारूपे ‘स्केचफॅब’वर ठेवली, २०२१मध्ये ती कंपनी ‘एपिक गेम्स’ने विकत घेतली आणि २०२४मध्ये खरेदी-विक्रीसाठी नवी बाजारपेठ उघडली. संग्रहालयांना आपल्या प्रारूपांच्या भवितव्याची चिंता लागली ती तेव्हा. दुसऱ्याच्या घरात दप्तर ठेवले की असे होणारच.

दरम्यान नवी लाट आली. २०२०मधले ‘नर्फ’ आणि २०२३मधले ‘गॉसियन स्प्लॅटिंग’ या पद्धतींनी काच, चमक, केससुद्धा पडद्यावर मोहक दिसतात. पण त्या दृश्य घडवतात, मोजता येईल असा भक्कम पृष्ठभाग देणे हा त्यांचा मूळ हेतूच नाही. प्रेक्षकाला खुश करायला त्या ठीक आहेत. दहा वर्षांनी ‘ही भेग वाढली का?’ असे विचारणाऱ्या जतनतज्ज्ञाला त्यांचा भरवसा धरता येणार नाही. या दोन कामांची सरमिसळ सध्या सर्रास होते आणि विक्रेते ती मुद्दाम होऊ देतात.

तरीही काम थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. २ सप्टेंबर २०१८च्या रात्री रिओ दे जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या त्या संग्रहातल्या ज्या थोड्या आधीच स्कॅन झाल्या होत्या, त्यांचा आकार तेवढा आज हाताशी आहे.

आपल्याकडे पाया घातला गेला आहे. पुण्याच्या सी-डॅकने केलेली ‘जतन’ ही संग्रहालयांसाठीची प्रणाली दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग अशा ठिकाणी नोंदी आणि छायाचित्रांसाठी वापरात आली. हे काम दिखाऊ नाही, पण नोंदवही पक्की असल्याशिवाय त्रिमित फाइल म्हणजे नाव-गाव नसलेली मूर्ती.

संग्रहालयांच्या विश्वस्तांना आणि सांस्कृतिक खात्याला म्हणून एवढेच सांगणे आहे. स्कॅनरची निविदा काढाल तेव्हा चार अटी आधी लिहा: मूळ छायाचित्रे आणि मोजमापाचा पुरावा संग्रहालयाच्या ताब्यात राहील, फाइल खुल्या स्वरूपात असेल, ती प्रत्येक वस्तूच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेली असेल, आणि कोणाही नागरिकाला ती उतरवून घेता येईल. या अटी ज्या विक्रेत्याला जड वाटतील, त्याचे यंत्र कितीही वेगवान असले तरी घेऊ नका.