अनामिक निवडपद्धती : एक चिकित्सा

नोकरीच्या अर्जावरून नाव, आडनाव, पत्ता, धर्म आणि छायाचित्र वगळावे व केवळ शिक्षण, अनुभव आणि चाचणीतील गुण पाहून उमेदवार निवडावा, या रीतीस अनामिक निवडपद्धती म्हणता येईल. निवड करणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रह दूर करणे दुष्कर आहे. परंतु तो पूर्वग्रह ज्या खुणेवर चालतो ती खूण त्याच्या दृष्टीआड करणे सुकर आहे, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक होय. ते कोठपर्यंत टिकते, हे पाहण्यास वाशिम जिल्हा हे एक उचित क्षेत्र आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मोठे उद्योग नाहीत. येथील सुशिक्षित तरुणाची दृष्टी शाळा, जिल्हा परिषद, महसूल आणि पोलीस यांकडे, अथवा जिल्ह्याबाहेरील खाजगी नोकरीकडे लागलेली असते.

आडनावामुळे संधी हिरावते, ही केवळ तक्रार नव्हे. मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी क्षेत्राच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना उद्देशून अर्ज पाठवून तिची परीक्षा केली. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज आणि ६६ आठवडे असा त्या प्रयोगाचा व्याप होता. पात्रता तुल्य ठेवून नावे तेवढी बदलली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जास बोलावणे येण्या-न येण्याचे जे प्रमाण पडले, त्याच्या तुलनेत दलित नावाचे प्रमाण सुमारे ०.६७ व मुस्लिम नावाचे सुमारे ०.३३ इतकेच भरले. अर्जदार समोर येण्यापूर्वीच, कागदाच्या पातळीवर ही गळती झाली होती. अनामिक पद्धतीच्या बाजूने याहून सबळ पुरावा देणे कठीण आहे.

तथापि हा प्रयोग मोठ्या शहरांच्या अपरिचित जगातला आहे. तेथे आडनाव हीच उमेदवाराची पहिली ओळख असते. वाशिम परिसरात परिस्थिती निराळी आहे. राठोड वा आडे हे आडनाव वाचताच बंजारा समाजाचा बोध होतो. उलट पवार, जाधव, चव्हाण ही आडनावे मराठा आणि बंजारा या दोन्ही समाजांत आढळतात; गायकवाड, इंगळे यांविषयीही आडनावावरून निश्चित निर्णय करता येत नाही. म्हणजे येथे आडनाव कधी अधिक बोलते, तर कधी मुळीच बोलत नाही. ते बोलले नाही, तर पत्ता बोलतो. पत्त्यात गावाच्या नावापुढे ‘तांडा’ हा शब्द आला की झाकलेले आडनाव व्यर्थ ठरते. पत्ता वगळला, तर शिक्षणाच्या रकान्यातील आश्रमशाळेचे नाव उरते. तेही वगळावे, तर उमेदवाराने कोणत्या स्थितीतून शिक्षण घेतले, हा त्याच्या गुणवत्तेचाच एक पुरावा पुसला जातो. जेथे मानोऱ्याची व्यक्ती मंगरुळपीरच्या व्यक्तीस नात्यागोत्यांतून ओळखते, तेथे कागदावरची अनामिकता तोंडी चौकशीने सहज भेदली जाते.

महाराष्ट्रात या तत्त्वाचा सर्वांत व्यापक आणि नजीकचा अवलंब शिक्षकभरतीत दिसतो. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाखालील व्यवस्थेत अनुदानित शाळांचे व्यवस्थापन स्वतः जाहिरात देई, मुलाखत घेई आणि निवड करी. २०१७ मध्ये शासनाने ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आणली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी प्रथम घेण्यात आली. दुसरी चाचणी २०२३ मध्ये झाली. चाचणीचे गुण यंत्र देते. यंत्रास आडनाव वाचण्याचे प्रयोजन नसते. प्रणाली संपूर्ण अर्थाने अनामिक नाही, कारण यादीत नावे असतात; परंतु नावाचा क्रम गुण ठरवतात आणि व्यवस्थापनास नाव कळते ते निर्णय झाल्यावर. मात्र खाजगी संस्थांना मुलाखतीसह निवड करण्याचा पर्यायही ठेवण्यात आला. या पर्यायात उमेदवार पुन्हा नावानिशी संचालकांसमोर बसतो, आणि गुणांनी बंद केलेले दार मुलाखत अंशतः उघडते.

मुलाखतीत काय घडते, यावर सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांच्या २००७ च्याच अभ्यासाने प्रकाश टाकला आहे. दिल्ली परिसरातील २५ कंपन्यांच्या नेमणूक-अधिकाऱ्यांशी त्यांनी संवाद साधला. गुणवत्ता हाच एक निकष, असे हे अधिकारी निष्ठेने सांगत. आणि उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीची चौकशी त्यांपैकी बहुतेकांना अगदी स्वाभाविक वाटे. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न जात विचारत नाही. परंतु उत्तर पुष्कळदा जातीपर्यंत पोहोचते. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती रद्द केल्या, त्यामागील भूमिका या दृष्टीने समर्थनीय वाटते.

निवड झाल्यावर काय, हा प्रश्न मराठी साहित्याने समाजशास्त्राच्या कितीतरी आधी विचारला आहे. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील त्याच नावाच्या कथेचा नायक रेल्वेतील नोकरीवर जात लपवून राहतो, मान मिळवतो, आणि जात उघडकीस येताच मार खातो. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नेमणूक अडली नव्हती. अडला तो निवारा. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. या दोन्ही प्रसंगांत लपविण्याचे ओझे पीडिताच्या माथी आहे. उघड झाल्यास अपराधीही तोच ठरतो. अनामिक निवडपद्धतीचे खरे नैतिक वैशिष्ट्य येथे स्पष्ट होते : तीत उमेदवार नाव चोरीत नाही, संस्था स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधते. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. परंतु ही पट्टी नेमणुकीच्या दिवशी सुटते, हेही तितकेच खरे.

परदेशातील अनुभव अधिक सावध करणारा आहे. फ्रान्सने २००६ मध्ये ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर निनावी अर्जाचे बंधन घालणारा कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीचा आदेश मात्र निघाला नाही. २००९-१० मध्ये झालेल्या प्रयोगात, नाव झाकल्यावर स्थलांतरित कुटुंबांतील उमेदवारांस मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. प्रयोगात स्वेच्छेने उतरलेल्या आस्थापना मुळातच अनुकूल असाव्यात. नाव आणि वस्ती दिसत असताना अर्जातील उणिवांकडे त्या समजुतीने पाहत असाव्यात, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी पुढे ठेवले. २०१५ मध्ये ते बंधन रद्द झाले. पट्टी द्वेषास अडवते, तशी सहानुभूतीसही अडवते, हा यातील बोध. आश्रमशाळेतून आलेल्या वाशिमच्या विद्यार्थ्याचे ५५ टक्के आणि शहरी शिकवणीत घडलेल्याचे ६० टक्के, यांतील अंतर निनावी कागद जसेच्या तसे स्वीकारतो.

म्हणून आरक्षणाला पर्याय म्हणून अनामिकता पुढे करणे युक्त नव्हे. प्रवर्गाची नोंद असावी, पण ती परीक्षकाच्या टेबलावर नसावी. ती स्वतंत्र ताब्यात राहावी आणि अंतिम क्रम लावतानाच उपयोगात यावी. उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांकामागे हेच तत्त्व आहे. प्रवर्गाची नोंदच टाळली, तर भेदभाव झाला की नाही, हे उद्या मोजण्याचे साधनही हरवेल. थोरात-अ‍ॅटवेल यांनी नावे ठेवली म्हणूनच गळती दिसली.

सारांश, अनामिक निवडपद्धती हा अर्जाच्या टप्प्यापुरता प्रभावी आणि मुलाखतीच्या टप्प्यावर दुर्बल असा उपाय आहे. शिक्षणातील विषमता व नेमणुकीनंतरची वागणूक यांवर तिची सत्ता चालत नाही. तांड्यावरून आलेल्या अर्जास ती दारापर्यंत निर्वेध आणते, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. दाराच्या आत त्याचे स्वागत कसे होते, याची जबाबदारी मात्र डोळे उघडे ठेवूनच घ्यावी लागेल.