खडकातले तेल आणि नॅनोकणांचे दावे

एखादे तेलक्षेत्र 'आटले' असे म्हणतात तेव्हा बहुधा निम्म्याहून अधिक तेल खालीच राहिलेले असते. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. विटेत पाणी मुरावे तसे ते खडकाच्या छिद्रांत असते. (आकृत्यांत मात्र अजून तळेच दिसते.) वरून पाणी दाबले की रुंद वाटांतले तेल पुढे सरकते आणि अरुंद वाटांतले थेंब केशाकर्षणामुळे अडकून बसतात. हे थेंब सोडवण्यासाठी पाण्यात सिलिकाचे काही नॅनोमीटर व्यासाचे कण मिसळावेत, अशी कल्पना आहे. आमचे भांडण कल्पनेशी नाही, तिच्या जाहिरातीशी आहे.

कल्पनेला आधार आहे. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील दर्श वासन आणि अ‍ॅलेक्स निकोलोव्ह यांनी 2003 साली 'नेचर'मध्ये दाखवले, की तेलाचा थेंब जिथे पृष्ठभागाला टेकतो तिथल्या पाचरीसारख्या फटीत द्रवातले सूक्ष्मकण थरांनी रचले जातात आणि त्यांच्या दाबाने थेंबाची कड उचलली जाते. हे काम सुंदरच आहे. पण ते काचेवरच्या थेंबाचे आहे.

खडकात पहिली अडचण मिठाची. पाण्यातले कण सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. मीठ वाढले की हा भार झाकला जातो आणि कणांचे पुंजके होतात. गढूळ पाण्यात मीठ घालून गाळ लवकर बसताना वर्गातही पाहता येईल. हे पुंजके छिद्रे मोकळी करण्याऐवजी बुजवू शकतात. प्रयोगात शुद्ध पाणी वापरणे सोपे असते, पण मुंबई हायमध्ये खाली समुद्राचेच पाणी सोडतात आणि थरातले मूळ पाणी कित्येक ठिकाणी समुद्राहून खारट असते.

ही अडचण सुटू शकते. सौदी अरेबियातील घवार क्षेत्रात 2010 साली सुमारे 10 नॅनोमीटरचे, कार्बनवर आधारित, चमकणारे कण एका विहिरीत सोडून परत उपसण्यात आले. 100 अंश सेल्सियसहून अधिक तापमानात आणि अतिखारट पाण्यातही त्यांतले बहुतेक टिकून वर आले. मात्र तो माग काढण्याचा प्रयोग होता, तेल सोडवण्याचा नव्हे. लोकप्रिय लेखांत ही दोन कामे सर्रास एक केली जातात, याचा आम्हाला विशेष राग आहे.

टक्केवारीही नीट वाचावी. समजा, मुळात 100 भाग तेल होते, साध्या पाण्याने 50 काढले आणि नॅनोकणांच्या पाण्याने आणखी 5. ही वाढ मूळ तेलाच्या 5 टक्के, उरलेल्याच्या 10 टक्के. दोन्ही आकडे खरे, पण मथळ्यात कोणता जाईल हे सांगायला नको. शिवाय प्रयोगातला खडक बोटभर लांबीचा असतो, तर दोन विहिरींत शेकडो मीटरचे अंतर असते. वाटेत खडकाच्या प्रचंड पृष्ठभागावर किती कण चिकटून राहतील?

शेवटी साधे गणित. एखाद्या थरातील छिद्रांचे आकारमान 1 कोटी पिंपे धरू. पिंप 159 लिटरचे, म्हणजे सुमारे 16 लाख घनमीटर. ती जागा एकदा भरण्याइतक्या पाण्यात वजनाने 0.05 टक्के कण घालायचे तर घनमीटरमागे अर्धा किलो, एकूण 800 टन. तेही सगळे नॅनोमीटरच्याच मापाचे, पुंजके न झालेले आणि सुटणाऱ्या तेलाच्या किमतीत परवडणारे हवेत.